नागपूरची बर्डी की अमरावतीचा राजकमल? मधल्या पट्ट्यातल्या माणसानं संध्याकाळ कुठे घालवावी

कारंजा घाडगे, तळेगाव, आष्टी, आर्वी या पट्ट्यात राहणाऱ्याला शहराची हौस भागवायला दोन दिशा आहेत. जुन्या ६ नंबरच्या, म्हणजे आताच्या ५३ नंबरच्या हायवेवर उभं राहायचं. एका बाजूची एसटी नागपूरला जाते, दुसऱ्या बाजूची अमरावतीला. दोन्ही शहरांत अंतर साधारण दीडशे किलोमीटर आणि आपण मध्ये कुठेतरी. दवाखाना, कोर्ट, कॉलेजचा दाखला असं काम असलं की दिशा कामच ठरवतं. पण कापसाचा चुकारा झाला आहे, शेतात दोन दिवस फारसं काही नाही आणि घरात कोणी म्हणतं, "चला ना, शहरात फिरून येऊ", तेव्हा वाद सुरू होतो. पोट्टे म्हणतात बर्डी, म्हणजे नागपूरचा भर बाजार. माय म्हणते अमरावतीची अंबादेवी. वहिनीला नागपूरच्या इतवारीतली भांडी पाहायची असतात.

हा आढावा त्या वादासाठी. कुठे काय स्वस्त मिळतं हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. भर वस्तीतल्या गजबजलेल्या रस्त्यावर चार तास नुसते घालवायचे, दुकानं बघायची, काहीतरी खायचं, माणसं न्याहाळायची, तर कुठला रस्ता बरा, एवढंच पाहायचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात रात्री टेकायला हक्काचं घर असेल तर बर्डी. सकाळी जाऊन रात्री घरी यायचं असेल तर अमरावती. बाजाराचा रस्ता रंगतो दिवे लागल्यावर आणि आपली संध्याकाळ असते फाट्यावरच्या शेवटच्या गाडीच्या हातात. बाकी सगळं यातूनच निघतं.

शेवटची गाडी

हायवेवरच्या गाड्यांची चिंता नाही, त्या रात्रीही धावतात. अडतं ते फाट्यावर. तळेगावला किंवा कारंज्याला नऊ वाजता उतरलात तर पुढे गावाकडे जायला एसटी नाही, काळीपिवळी नाही. मग कोणाला तरी फोन करून मोटरसायकल बोलवायची आणि दोघं-तिघं असाल तर तिच्या दोन खेपा. बायका-लेकरं बरोबर असतील तर हा विचारच नको. म्हणजे फाट्यावर सात-साडेसातला पोचायचं, हे आधी धरून उलट मोजत जायचं.

नागपूरहून निघायचं तर गणेशपेठच्या स्टँडवरून रविनगर, वाडी ओलांडून मोकळ्या हायवेला लागेपर्यंतच बराच वेळ जातो. पुढे कोंढाळी, कारंजा, मग तळेगाव. तळेगाव-आर्वीकडच्यानं साडेचार-पाचला बर्डी सोडली नाही तर घोळ होतो. अमरावतीहून मोझरी, तिवसामार्गे तळेगाव जवळ पडतं, म्हणून तिथून सहाला निघालं तरी चालून जातं. कारंज्याला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. कोंढाळीकडच्यांनी हा लेख वाचायची गरज नाही, त्यांना नागपूर अंगणात आहे.

एक-दीड तासाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तोच एक-दीड तास पाहिजे असतो.

तिकिटाचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मधल्यांना अर्धा. त्यामुळे आजी, माय आणि सून अशा तिघी निघाल्या तर पूर्ण तिकीट कोणालाच लागत नाही आणि भाड्याच्या कारणानं अमरावती निवडायचे दिवस गेले. गावातल्या बायका नागपूरला जास्त जाऊ लागल्या, त्यात या अर्ध्या तिकिटाचा वाटा आहे असं मला वाटतं.

दुपारची बर्डी आणि संध्याकाळची बर्डी

नकाशावर सीताबर्डी, बोलण्यात बर्डी. व्हरायटी चौकातून मेन रोडला लागलात की दोन्ही हातांना कपडे, चपला, पर्सा, बांगड्या, घड्याळं. पक्क्या दुकानांच्या पुढ्यात पथारी, पथारीच्या पुढ्यात हातगाडी आणि उरलेल्या फटीतून माणसं. आतल्या गल्ल्यांना मोदी नंबर एक, दोन, तीन अशी नावं आहेत. मोबाइलचं काही असलं की पोट्टे न सांगता तिकडे वळतात. फेरीवाले आणि पक्के दुकानदार यांचं भांडण जुनं आहे, ते हायकोर्टापर्यंत गेलेलं आहे. मागच्या वेळी जिथे ओढण्यांची रांग होती तिथे या वेळी मोकळा रस्ता दिसला तर नवल वाटून घेऊ नका. कारवाई झाली की पथाऱ्या जातात आणि काही दिवसांनी परत येतात.

आता दुपारी दोनला हा रस्ता काय देतो? ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. मेन रोडवर झाड नाही, बसायला बाक नाही. दुकानात शिरलं तर पोरगा विचारणार, "क्या दिखाऊं भैया?" आणि हो, बर्डीवर दुकानदार हिंदीतच सुरू होतो. तुम्ही मराठीत बोललात तर तोही मराठीत येतो, राग मानू नये. दुपारच्या बर्डीवर विकत न घेता तासभर काढणं कठीण आहे.

संध्याकाळी सहानंतर तोच रस्ता बदलतो. ऑफिसं सुटतात, ट्यूशनची पोरं-पोरी येतात, दिवे लागतात, भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी होते. भाव करणाऱ्या बायकांचं नुसतं ऐकत उभं राहिलं तरी वेळ मजेत जातो. या वेळी तिथे असणं म्हणजे बर्डी पाहणं. आणि नेमकं याच वेळी आपण गणेशपेठच्या स्टँडवर कारंज्याच्या गाडीत खिडकी धरून बसलेले असतो. पट्ट्यातल्या कितीतरी लोकांनी बर्डी अनेकदा पाहिली, पण ती दुपारचीच. म्हणूनच त्यांना नागपूर "नुसती गर्दी अन् ऊन" वाटतं.

दुपार काढायचे उपाय आहेत, ते माहीत असले तर बर्डीचा हिशेब थोडा सुधारतो. एक महाराजबाग. कृषी विद्यापीठाकडचं प्राणिसंग्रहालय आणि बाग, व्हरायटी चौकापासून जवळ. लहान पोरं असतील तर दुपार तिथेच काढा, सावली आहे. दुसरं, १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजब बंगला म्हणतात. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा. तिसरं मेट्रो. सीताबर्डीच्या स्टेशनात दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात, सरकते जिने आहेत, स्वच्छतागृह आहे. खापरीच्या दिशेनं जाऊन परत यायचं, थंड हवेत बसून वरून शहर बघायचं. गावाकडच्या पोरांना बाजारापेक्षा हेच जास्त आवडतं आणि त्यांचं चूक नाही. गणेशपेठच्या स्टँडवरून कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन चालत गाठता येतं आणि तिथून सीताबर्डी पुढचंच स्टेशन. रिक्षावाल्याशी घासाघीस वाचते.

किल्ला पाहू म्हणाल तर तो खालूनच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई याच टेकडीवर झाली आणि नागपूरचं राज्य खरं तर तेव्हाच हातचं गेलं. आज किल्ला लष्कराकडे आहे. राष्ट्रीय सणांना लोकांसाठी उघडतो, एरवी आत जाता येत नाही.

बर्डीत खेड्यातल्या माणसानं एक जागा मात्र थांबून बघावी. बर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेले गोवारी इथल्या चेंगराचेंगरीत गेले. ११४ माणसं. विदर्भाच्या गावागावांतून आलेली, त्यात बायका आणि लेकरं किती तरी. त्यांचं स्मारक झिरो माइलच्या बाजूला आहे. खरेदीच्या पिशव्या घेऊन आपण त्याच पुलाखालून जातो आणि बहुतेकांना पुलाचं नावही माहीत नसतं.

अमरावती: छोटा रस्ता, मोठी संध्याकाळ

अमरावतीत स्टँडवर उतरलात की रिक्षाची गरज नाही. राजकमल चौक चालत जाण्यासारखा आहे. तिथून जयस्तंभ चौक, पुढे जवाहर गेट आणि गेटाच्या आत जुनं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या अमलात बांधलेला परकोट अजून उभा आहे. दगडी वेशीतून आत शिरताना कुठेतरी आलो असं वाटतं, जे बर्डीच्या मेन रोडला वाटत नाही. आत सराफ्याची दुकानं, कापड, पूजेचं सामान, गांधी चौक आणि शेवटी अंबादेवी, तिच्या शेजारीच एकवीरा.

देवळामुळे या रस्त्याचा स्वभावच वेगळा झाला आहे. इथे विकत न घेता बसायला जागा आहे. बर्डीवर ती विकत घ्यावी लागते, निदान चहा तरी मागवावा लागतो. अंबादेवीच्या आवारात मायला बसवून तुम्ही तासभर बाजारात फिरून येऊ शकता, ती कंटाळत नाही, उलट तिला बोलायला कोणीतरी मिळालेलं असतं. चप्पल सांभाळणारी, फुलवाली, ओटीचं सामान विकणारी, सगळ्यांशी दोन शब्द होतात. रुक्मिणीला श्रीकृष्णानं याच देवळातून नेलं अशी कथा आहे आणि रुक्मिणीचं माहेर म्हणजे वर्धेकाठचं कौंडण्यपूर, आपल्या शेजारचं. आपल्या पट्ट्यातून अमरावतीला जाण्याची वहिवाट जुनीच म्हणायची.

खाण्यात अमरावतीचं नाव गिल्या वड्यासाठी. दह्यात भिजलेला, वर तिखट चटणी. गाडीवर उभं राहून खायचा, घरी बांधून नेण्यात अर्थ नाही. नागपूरचे तर्री पोहे सकाळचे, ते चुकवू नयेत. पण सकाळी गावाहून निघालेला माणूस बर्डीला पोचतो तेव्हा तर्री तळाला गेलेली असते. संत्रा बर्फी नागपूरची खूण म्हणून घेतात लोक. घ्यावी. फक्त आष्टी-कारंज्याच्या संत्रेवाल्यानं आपलाच माल डब्यात घालून त्या भावानं परत विकत घ्यायचा, याचं मला दर वेळी हसू येतं.

अमरावतीचं उणं काय? अंतर कमी, म्हणून वैविध्यही कमी. दोन तासांत राजकमलपासून अंबादेवीपर्यंतचा रस्ता संपतो आणि मग परत त्याच दुकानांवरून चालायचं. आतल्या गल्ल्या अरुंद आहेत, त्यात मोटरसायकली घुसतात, चालणाऱ्याला सारखं अंग चोरावं लागतं. मेट्रो नाही, मोठा मॉल रस्त्यावर नाही, पंधरा वर्षांच्या पोराला दाखवून "बाप रे" म्हणायला लावावं असं काही नाही. लग्नाचा कपडा ठोक भावात पाहिजे म्हणून अमरावतीला जाणारे राजकमलला येतच नाहीत. ते नागपूर रोडवर नांदगाव पेठेजवळच्या बिझीलँड-सिटीलँडला उतरतात आणि तिथूनच परततात. त्या बाजारात चार तास घालवणं म्हणजे काम आहे, फिरणं नव्हे.

ओळख पाहिजे की नको

गाड्या आणि ऊन सोडलं तर दोन रस्त्यांतला सगळ्यात मोठा फरक हा आहे आणि घरातला वाद खरं तर यावरूनच असतो, फक्त कोणी तोंडानं बोलत नाही.

राजकमल चौकात अर्धा तास उभे राहा. कोणीतरी भेटणारच. "काय भाऊजी, इकडे कुठे?" मावसबहिणीचा दीर, बँकेतला शिपाई, मागच्या वर्षी ज्याच्याकडून बियाणं घेतलं तो कृषी केंद्रवाला. चहा होतो, पिकाचं विचारणं होतं, कोणाच्या पोरीचं जमलं ते कळतं. माझ्या वयाच्या माणसाला शहरात जायचं ते यासाठीच. आठवडी बाजारात हेच होतं, फक्त तिथे गिला वडा नसतो.

वीस वर्षांच्या पोरीला हेच नको असतं. तिला जीन्स घालून मैत्रिणीबरोबर हसत चालायचं आहे, दुकानात तीन ड्रेस घालून बघून एकही न घेता बाहेर यायचं आहे आणि संध्याकाळपर्यंत ते गावात पोचायला नको आहे. बर्डीवर तिच्याकडे कोणी बघत नाही. ती कोणाची, कुठली, हे कोणी विचारत नाही. गावात चोवीस तास ओळखीच्या नजरेखाली राहणाऱ्याला ही मोकळीक किती मोठी असते, हे घरातल्या मोठ्यांनी जरा समजून घ्यावं. तिला "अमरावतीला काय कमी आहे?" असं विचारून काही उपयोग नाही, तिथे ओळखीची माणसं जास्त आहेत हेच तिचं उत्तर आहे.

गर्दीतले हात दोन्हीकडे असतात. बर्डीवर संध्याकाळी पर्स पुढे धरून चालावं, एवढं सगळ्याच बायका सांगतात. शहरात शिकणाऱ्या पोरीला हे सांगायची गरज पडत नाही, तिच्या मायला पडते.

लिहिण्या-वाचण्याची आवड असलेल्यासाठी एक गोष्ट. विदर्भ साहित्य संघ १९२३ च्या संक्रांतीला स्थापन झाला तो अमरावतीत, पण आज त्याचं घर बर्डीच्या झाशी राणी चौकात आहे. पोट्ट्यांचंही तेच झालं, शिकायला अमरावती, पुढे नागपूर.

इतवारी आणि धरमपेठ, थोडक्यात

इतवारी हा फिरायचा रस्ता नाही, यादीचा आहे. घरात लग्न असेल तर दुसरीकडे जाऊच नका. किराणा ओळ, भांडे ओळ, सराफा, बाजूला गांधीबागचा कापड बाजार, एकेका वस्तूची आख्खी ओळ. हमाल, हातठेले, मालाच्या गाड्या, सगळे तुमच्या अंगावरून जातात आणि कोणी थांबलेलं त्यांना चालत नाही. मेट्रोनं अग्रसेन चौक किंवा चितार ओळ स्टेशनला उतरावं. रविवारी ठोक दुकानं बंद असतात. सावजीचं जेवण करायचं तर ते बर्डीपेक्षा इकडेच, इतवारी-महाल भागात शोधावं आणि पहिल्यांदा खाणाऱ्यानं रस्सा बेतानं घ्यावा.

वर्षातला एक दिवस मात्र इतवारीचा भाग सगळ्यांवर मात करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, १८८० च्या दशकापासूनची चाल आहे. बडगे निघतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचा पुतळा होतो आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत तो जाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, म्हणून घर सोडून जाणं जिवावर येतं. तरी एकदा जावं.

धरमपेठेचा वेस्ट हायकोर्ट रोड, लक्ष्मीभवन चौक, कॉफी हाउस चौक: झाडं आहेत, फुटपाथ आहे, चालायला बर्डीपेक्षा कितीतरी बरं. पण तिथे रस्त्यावर घालवायचा वेळ कॅफेत मोजला जातो आणि एका कॉफीच्या पैशात राजकमलला चौघांचा नाश्ता होतो. पोरगा-पोरगी त्या भागात होस्टेलला असतील तर त्यांच्याबरोबर जा, त्यांना बरं वाटतं. स्वतःहून दिवस तिथे घालवायला मी सांगणार नाही.

कधी जायचं

महिना चुकला की सगळी निवड फिरते. नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावर यात्रा भरते. गर्दी सहन होत असेल तर अमरावती पाहायची तीच वेळ, म्हाताऱ्यांना मात्र इतर दिवशी न्यावं. दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराचं स्मरण असतं. त्या दोन-तीन दिवसांत एसटी, मेट्रो, बर्डी सगळं भरलेलं असतं. दीक्षाभूमीला जायचं म्हणून जात असाल तर गोष्ट वेगळी, तिथली पुस्तकांची दुकानंच दिवसभर पुरतात. नुसतं फिरायला त्या दिवसांत जाऊ नये. मे महिन्यात कुठेच नाही, फार तर अमरावतीला चारनंतर पोचून रात्री कोणाकडे तरी राहावं.

मुक्काम न करता दिव्यांतली बर्डी पाहायची असेल तर एकच फट आहे, ती म्हणजे थंडी. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच अंधारून येतं, दुकानांचे दिवे लागतात आणि ऊनही अंगाला लागत नाही. सहाच्या गाडीत बसायचं तर थोडा वेळ दिवे बघून निघता येतं. पुढे उशीर होतोच, म्हणून हे कारंज्याकडच्यांनी करावं, किंवा ज्यांची मोटरसायकल फाट्यावर ठेवलेली आहे त्यांनी. मात्र डिसेंबरातच नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन असतं. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले जातात आणि बर्डीच्या आजूबाजूचे रस्ते पोलिसांच्या कठड्यांनी बंद होतात. अधिवेशन संपल्याची बातमी पेपरात आली की मग निघावं, संक्रांतीच्या आत. तोवर कापसाचा दुसरा वेचाही घरात आलेला असतो.